पाखरांच्या पाठीला भिंत

समोरच्या सोसायटीला या आठवड्यात परांची लागली. सकाळी गल्लीत बांबूंचा ट्रक उलटा येत उभा राहिला, आणि बांबू एकमेकांवर घसरत खाली पडायला लागले तशी मी हातातलं काम ठेवून खिडकीशी गेले. सानपाड्यात दिवाळी झाली की हा एक मोसम सुरू होतो. पंचांगात त्याला नाव नाही. पावसाने भिंतींवर आणलेले काळे ओघळ वाळतात, कमिट्यांच्या बैठका होतात, आणि डिसेंबर उजाडेपर्यंत दर दोन गल्ल्यांआड एक इमारत बांबूच्या सापळ्यात उभी असते. मग वरून खाली हिरवी जाळी सोडतात. बाहेरून ती इमारत मच्छरदाणीत झोपल्यासारखी दिसते. आत काय असतं, ते आत राहिलेल्यालाच माहीत.

आत सगळं हिरवं असतं. दूध हिरवट, भात हिरवट, आरशातलं तोंड आजारी. दुपारी बारा वाजता दिवा लावावा लागतो. ओल्या सिमेंटचा आणि नव्या सुतळीचा वास कपड्यांना धरतो. खिडकीबाहेर अचानक दोन पाय येऊन उभे राहतात, आणि चौथ्या मजल्यावर राहूनही आपण रस्त्यावर राहतोय असं वाटायला लागतं.

आमच्या इमारतीचा हा मोसम तीन वर्षांपूर्वी होऊन गेला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, चार महिने. त्याच चार महिन्यांत मी पाखरांचा पिंजरा कसा मांडावा ते शिकले. शिकले म्हणते, कारण सुरुवातीला मला वाटलं होतं की ते मला येतंच.

मी पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. रबरी वॉशर, गॅस्केट, सील. हजारो बारीक वस्तू, प्रत्येकीला खण, प्रत्येक खणाला चिठ्ठी. घरातही माझं तसंच आहे. फ्रिजच्या दारावर तीन याद्या असतात आणि त्यांचा मला उपयोग होतो, त्यामुळे त्यावरून कोणी हसलं तर मी मनाला लावून घेत नाही. त्या वर्षी जुलैत माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आई म्हणतो, खेडजवळच्या आमच्या गावी अंगणात घसरून पडल्या. मनगट मोडलं. घरात एकट्याच असतात. शेजारीण येईपर्यंत बराच वेळ तशाच पडून होत्या. माझा नवरा सुनील जाऊन त्यांना घेऊन आला. त्या नऊ कोंबड्या शेजारणीच्या हवाली करून आल्या, आणि गाडीतून उतरल्यावर पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "तिला सांगितलंय, तांबडी कोंबडी अंडी घालायला लागली की फोन कर."

त्या यायच्या आदल्या दिवशी मी यादी केली होती. दिवाण हॉलमध्ये. बाथरूम जवळ हवं म्हणून पॅसेजच्या तोंडाशी. पंख्याखाली. समोर टीव्ही. स्वयंपाकघरातून मला दिसेल असा. हाताशी पाण्याची बाटली, गोळ्यांचा डबा, चष्मा, फोन. खिडकीतून रिक्षा स्टँड आणि गुलमोहर दिसायचा. मी सगळ्या ओळींपुढे टिक केली आणि मला फार बरं वाटलं.

मनगट सप्टेंबरात जुळलं. आई खिडकीशी बसून रिक्षावाल्यांची भांडणं ऐकायच्या, त्यातला कोण खरा ते आम्हाला संध्याकाळी सांगायच्या. दिवाळीनंतर जाळी आली आणि खिडकी गेली. चार दिवसांनी जेवताना आई म्हणाल्या, "ही जाळी उतरली की मला गावी नेऊन सोडा."

सुनीलने घास खाली ठेवला. "आई, तिथे कोण आहे?"

"इथं तरी कोन हाय? तुमी दोघं सकाळी जाता ते दिवे लागल्यावर येता."

"तिथे परत पडलीस तर?"

"पडले तर पडले. माझ्या अंगणात पडेन."

सुनील माझ्याकडे बघायला लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, या वयात दुसऱ्यांदा पडणं म्हणजे मनगटावर भागणार नाही. मला आई आमच्याच घरात हव्या होत्या. प्रेमाने म्हणा, काळजीने म्हणा, किंवा इतकं नीट मांडलेलं घर कोणाला नकोसं होतं याचा थोडा राग म्हणा. परांची उतरायला तीन महिने होते. तीन महिन्यांत काय करता येईल, याचा मी पावण्याहून येताना बसमध्ये विचार केला आणि उतरायच्या आत ठरवलं. पाखरं आणायची.

"आणायचाच तर पोपट आण," आई म्हणाल्या. "बोलतो तरी."

"पोपट घरात ठेवायला कायद्याने बंदी आहे, आई."

"हां. म्हणूनच गुलमोहरावरचे रोज ओरडतात. त्यांनी कायदा वाचला असंल."

मग बजरीगर. आपल्याकडे सगळे त्यांना लव्हबर्ड म्हणतात. ते चूक आहे, पण लोकांना दुरुस्त करण्यात मी आता वेळ घालवत नाही. शिरवणे गावात एक पाटील गच्चीवर ही पाखरं वाढवतात असं कारखान्यातल्या एकाने सांगितलं. शनिवारी गेले. गच्चीवर पत्र्याखाली शंभरएक पाखरांचा कल्ला चालला होता, आणि पाटील शांतपणे वाट्यांमधली फोलपटं फुंकत होते. मी वही काढली. वय विचारलं, खाणं विचारलं, आधीचा काही आजार, पिसं कधी झडतात, चोचीवरून नर-मादी कसं ओळखायचं. सातव्या प्रश्नाला पाटलांनी फुंकणं थांबवलं.

"ताई, पाखरां न्यायला आलंस का पोरीसाठी स्थल बघाला?"

मी एकच नेणार होते. त्यांनी दिलं नाही. "येकटा पाखरू मुका होतो. दोन ने." म्हणून दोन आणली, एक हिरवं आणि एक निळं.

पिंजऱ्याचं माझं काम पक्कं होतं आणि आजही त्यातली बहुतेक कलमं मी बदललेली नाहीत. पिंजरा उंच नको, लांब हवा. पाखरू वर-खाली उडत नाही, आडवं उडतं. गजांमधली फट बोटाच्या रुंदीहून कमी. घुमटाचा गोल पिंजरा दुकानात कितीही गोड दिसला तरी घ्यायचा नाही, त्याचे कोपरे साफ करता येत नाहीत कारण त्याला कोपरेच नसतात. बसायला प्लास्टिकची दांडी काढून पेरूच्या आणि शेवग्याच्या फांद्या लावायच्या, जाड-बारीक, म्हणजे पायांना रोज तीच पकड पडत नाही. फांद्या धुऊन दोन दिवस उन्हात ठेवायच्या. आमच्याकडे ऊन नव्हतं, म्हणून मी त्या कारखान्याच्या गच्चीवर वाळवल्या, शिपायाने दोनदा विचारलं की हे कोणत्या ऑर्डरचं आहे. खाण्याची वाटी फांदीच्या खाली ठेवायची नाही. का, ते एकदा ठेवली की कळतं. राळं, थोडी बाजरी, सकाळी धुतलेली कोथिंबीर. चोच घासायला समुद्रफेस, तो काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. खाली वर्तमानपत्र, रोज बदलायचं. स्वयंपाकघरापासून लांब, कारण नॉनस्टिक तवा करपला तर त्याचा धूर पाखरांना सोसत नाही. आणि शेवटचं कलम मी अधोरेखित केलं होतं. हवेशीर, चारही बाजूंनी मोकळा.

हॉलच्या छतात बिल्डरने झोपाळ्यासाठी एक कडी सोडली होती. आम्ही झोपाळा कधी घेतला नाही. त्या कडीला पिंजरा टांगला. हॉलच्या मधोमध, पंख्याच्या झोतापासून बाजूला, दिवाणावरून आईंना सरळ समोर दिसेल असा. खालून, वरून, चहूकडून हवा. शेजारच्या बाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, "अगदी हॉटेलसारखं केलंत हो." मी हे कौतुक म्हणून घेतलं.

पाखरांनी खाल्लं नाही.

पहिला दिवस मी नवी जागा म्हणून सोडून दिला. दुसऱ्या दिवशीही वाटीतलं राळं जसंच्या तसं. दोघं एका फांदीच्या टोकाला, एकमेकांना चिकटून, पिसं फुगवून बसलेली. पाटलांच्या गच्चीवर जी शंभर पाखरं कानठळ्या बसवत होती, त्यांच्यातली ही दोन आवाजच करत नव्हती. बाथरूमकडे कोणी गेलं की फडफडत दुसऱ्या टोकाला. दार वाजलं की परत या टोकाला. मी यादी घेऊन खुर्चीवर चढले आणि एकेक कलम तपासलं. चूक नव्हती.

"मरतील गो ही," आई दिवाणावरून म्हणाल्या.

"सगळं बरोबर आहे, आई. आत्ताच तपासलं."

"तुझ्या कागदाला बरोबर हाय. त्यांच्या पाठीला काय हाय?"

"म्हणजे?"

"पाठीला. काय न्हाय. मांजर कुठनं येल, माणूस कुठनं येल, चारी अंगांनी बघत बसायचं, तर खायचं कधी? माझ्या कोंबड्यांचं डालगं भिंतीला टेकवलेलं असायचं. अंगणाच्या मधे ठेवलं तर रातभर एक कोंबडी डोळा मिटायची न्हाय."

डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची टोपली. तिच्यावरून पिंजरा मांडायचा हे मला पटलं नाही, पण मला कारखान्यात जायचं होतं आणि पाखरं खरंच मरायला आली होती. सुनीलने पिंजरा उतरवला. आईंनी हॉलचा पलीकडचा कोपरा दाखवला, जिथे माझं शिलाई मशीन होतं. मशीनच्या टेबलावर पिंजरा ठेवला. मागे भिंत, डावीकडे भिंत. उजवी बाजू आईंनी आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा टाकून अर्धी झाकली. समोरची एकच बाजू उघडी राहिली. मला ते कोंदट दिसलं. मी बूट घालत होते तेव्हा हिरवा खाली उतरला. वाटीच्या काठावर बसला, एकदा वर बघितलं, आणि राळ्याचं पहिलं फोलपट कागदावर पडलं.

आता सोसायटीत कोणी पाखरं आणायचं म्हटलं की माझ्याकडे यादी मागतात. मी फोनवरून पाठवते. निळा मागच्या वर्षी गेला, त्याच्या जागी एक पिवळी आली, तिच्यासाठी दोन कलमं वाढली. पण पहिल्या ओळीत आता एवढंच असतं, पाठीला भिंत हवी. परवा बी विंगमधल्या एकाने विचारलं, हे इतकं वर कशाला, खाणं-पिणं आधी यायला हवं ना? मी म्हटलं, करून बघा.

त्या हिरव्या काळोखात आईंचे दिवस मग बरे जायला लागले. निदान मला तसं दिसत होतं. सकाळी पिंजऱ्यावरचं लुगडं काढायचं, संध्याकाळी साडेसहाला पूर्ण घालायचं, एक बाजू हवेला ठेवून. त्यांनी हिरव्याचं नाव तलाठी ठेवलं, कारण तो सगळ्यांच्या वाटीत तोंड घालून बघायचा. परांचीवरचा एक रंगारी खिडकीशी आला की विचारायचा, "मावशी, तोता बोलता है क्या?" आई म्हणायच्या, "तो कशाला बोलेल, तू बोलतोयस तेवढं बास." दोघांना एकमेकांचं किती समजत होतं देव जाणे, पण त्यांच्या गप्पा रोज व्हायच्या. रंग आमच्या मजल्यावर आला तेव्हा त्याने आदल्या दिवशी सांगून ठेवलं, आणि आईंनी तीन दिवस खिडक्या घट्ट लावून पाखरं पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवली. मी संध्याकाळी येऊन बघायचे. सगळं जागच्या जागी. मी मनातल्या मनात टिक केली. आई राहणार.

जानेवारीच्या मध्यावर वरच्या मजल्यांची जाळी उतरली. त्या दिवशी आईंनी दिवाणाखालून पिशवी काढली आणि दोन लुगडी घडी करून आत ठेवली.

"सुनीलला म्हणावं, गाडीचं बघ."

"आणि पाखरं?" मी विचारलं.

"पाखरांचं चाललंय की बरं." त्या सहज बोलल्या, त्यात टोमणा नव्हता.

मी कपडे धुवायला टाकायला गेले. आमच्याकडे स्वयंपाकघरामागे ड्राय बाल्कनी आहे, वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्यामध्ये दोन फुटांची फट. आई तिथे जाऊन बसायच्या हे मला महिनाभर माहीत होतं. तिथे परांचीची सगळ्यात जास्त धूळ यायची. मी प्रत्येक वेळी त्यांना हाताला धरून बाहेर आणायचे, "आई, हॉलमध्ये बसा, तिथे पंखा आहे." शेवटी मी तिथलं बुटकं स्टूल उचलून माळ्यावर टाकलं. दुसऱ्या दिवसापासून त्या बादली पालथी घालून बसायला लागल्या. मी फ्रिजवर लिहिलं होतं, आईंना धुळीत बसू देऊ नये.

त्या रविवारी आई आंघोळीला गेल्या होत्या. बादली तशीच पालथी होती. का कोण जाणे, मी तिच्यावर बसले. पाठीला भिंत लागली. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला मशीन, आणि समोर एक अरुंद दार. त्या दारातून जो येईल तो आधी दिसणार. खरं सांगायचं तर तिथून उठावंसं वाटत नव्हतं.

मग मी हॉलमध्ये जाऊन त्यांच्या दिवाणावर बसले. डावीकडे घराचं दार. मागे पॅसेज. उजवीकडे स्वयंपाकघर. दहा मिनिटं बसले असेन. सुनील मागून येऊन बाथरूमचं दार वाजवून गेला आणि जाताना म्हणाला, "काय गं, बरं नाही का?" कामवाल्या बाईंनी "ताई, पाय" म्हणून झाडू फिरवला. कुरिअरवाल्याने दारातून मला बघून हसून मान हलवली. शेजारच्या बाईंनी डोकावून विचारलं, "आज तुम्ही बसलात होय इथे, आजी बऱ्या आहेत ना?" कोणी वाईट बोललं नाही. सगळे चांगलंच बोलत होते. सहा महिने आई त्या दिवाणावर कुशीवर वळल्या तरी कोणीतरी विचारत होतं, काय हवंय. तिथे त्यांना लुगडंही नेसता येत नव्हतं, नेसायचं असलं की ते घेऊन बाथरूम रिकामं व्हायची वाट बघत बसायच्या.

माणसाची पाखराशी तुलना मला आवडत नाही. माणसाला विचारता येतं. मी विचारलं नव्हतं, एवढंच.

घरात दुसरी खोली होती. ती आमच्या मुलीची, रेवाची. ती पुण्यात हॉस्टेलला. ती आली की लागेल म्हणून आम्ही खोली ठेवली होती आणि प्रत्यक्षात तिच्यात माझ्या फायली, इस्त्रीचं टेबल आणि सुनीलची न वापरलेली व्यायामाची सायकल राहत होती. मी रेवाला फोन केला.

"मग मी सुट्टीत कुठे झोपू?"

"हॉलमध्ये. दिवाण छान आहे, पंख्याखाली."

"आई, तिथे कोण झोपेल? सगळे येतात-जातात."

  मग तीच म्हणाली, "आजीला दे. माझी पुस्तकं तेवढी ओली करू नका."

दोन दिवसांत खोली रिकामी केली. पलंग खिडकीखाली लावायचा असं मी ठरवलंच होतं, हवा येते. आई दारात उभ्या राहून बघत होत्या. "आई, कसा लावू?" मी विचारलं, आणि विचारताना जरा चाचरले, सवय नव्हती.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तू हो बाहेर. सुनील आणि मी लावतो."

पलंग त्यांनी खिडकीपासून लांब, आतल्या कोपऱ्यात लावून घेतला, डोकं भिंतीशी आणि नजर दाराकडे. टीव्ही नको म्हणाल्या. मग सुनीललाही बाहेर काढलं आणि दुपारी दोन वाजता दार आतून लावून घेतलं.

माझ्या हातात गोळी होती आणि पाण्याचा पेला. दोनची गोळी. दाराशी उभी राहिले. आत काही आवाज नव्हता. पडल्या असतील तर? कडी आतून आहे. हात दारावर ठेवण्यासाठी वर केला.

"राहू दे," सुनील मागून म्हणाला.

मी पेला टेबलावर ठेवला आणि शेजारी बसले. आयुष्यात इतका वेळ मी काही न करता बसलेली नाही. पावणेपाचला दार उघडलं. आई केस बांधत बाहेर आल्या, डोळ्यांवर झोप होती. "गोळी कुठाय?" म्हणाल्या.

पण पिशवी पलंगाखाली तशीच होती, दोन लुगड्यांसकट. मी केर काढताना रोज बघायचे. तिच्याबद्दल कोणी बोललं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी आमच्या बाजूची जाळी सुटली. वरून कोणीतरी सुतळी कापत खाली येत होतं आणि एकेक पट्टा कोसळत होता. हॉलमध्ये ऊन एकदम आत आलं, भिंतीवर, मशीनच्या टेबलावर, पिंजऱ्याच्या पुढच्या गजांवर. दूध पांढरं दिसायला लागलं. पाखरांनी असा गोंधळ घातला की टीव्ही बंद करावा लागला. आई आपल्या खोलीच्या दारात, डोळ्यांवर हात धरून बघत होत्या.

सुनीलने शब्द दिला होता, आणि तो शब्दाचा माणूस आहे. त्याने फोन हातात घेतला. "आई, जाळी उतरली. गाडी कधीची सांगू? शनिवार चालेल?"

मी मोरीशी पाखरांची वाटी धूत होते. नळ बंद केला.

"गाडीचं राहू दे," आई म्हणाल्या. "आधी माझ्या दाराला तेल घाल. उठले की करकरतं, तुमची झोप मोडते."

सुनील फोन तसाच धरून उभा राहिला. "खोबरेल चालेल?"

"शिलाई मशीनचं आण. करायचं तर नीट कर."

मी धुतलेली वाटी पुन्हा धुवायला घेतली.